तीन खुणांचा नियम

पान एकशे चौदा उलटून ती पुढे गेली, तीन-चार ओळी वाचल्या, आणि मग तिचा हात आपसूक मागे आला. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. समोरच्या टेबलावरचा कारकून फायलींच्या पाठीवर क्रमांक चिकटवत होता, पाण्याच्या यंत्रातून मधूनच एक बुडबुडा वर येत होता, सगळं जागच्या जागी होतं. पानावर एक मुलगी होती. आजारी आईच्या खोलीत, खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली पेन्सिल हातात घेऊन ती वहीत लिहीत होती : दोन वाजता. दिलं. आणि औषधाच्या बाटलीचं झाकण अजून उघडलेलं नव्हतं. आईचे डोळे मिटलेले होते, पण आई जागी होती. तिला पेन्सिलीचा आवाज ऐकू आला होता, झाकणाचा आला नव्हता. पानावरून नजर उचलून तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. काचा स्वच्छच होत्या. आपण श्वास घ्यायचा विसरलो आहोत हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने तो हळूच घेतला, कारकुनाला ऐकू जाऊ नये इतक्या बेताने.

विमा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर सतरा वर्षं ती हेच काम करत होती. लेखक आणि प्रकाशक यांच्यासाठी कंपनी एक पॉलिसी विकायची. पुस्तक बाजारात आल्यावर कोणी उठून म्हणालं की यात माझी बदनामी झाली, माझं खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणलं, माझा मजकूर चोरला, तर कोर्टकचेरीचा भार कंपनी उचलणार. पण उचलण्याआधी ती पुस्तक वाचून घेणार. वाचायचं काम हिचं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती इथे आली तेव्हा सगळ्यांना गंमत वाटली होती. तिला वाटली नाही. द्रावणात काय मिसळलंय ते शोधायचं आणि पुस्तकात कोण मिसळलंय ते शोधायचं, यात तिला फार फरक दिसला नाही. विभागात एक जुना नियम होता, तीन खुणांचा. पात्राची एक खूण जिवंत माणसाशी जुळली तर योगायोग, दोन जुळल्या तर शंका, तीन जुळल्या तर तो माणूस ओळखू येतो असं धरायचं आणि समासात पेन्सिलीने तीन रेघा ओढायच्या. पुढे त्याचा तक्ता. तक्त्यातला नववा प्रश्न वाचणाऱ्यासाठी होता : ही व्यक्ती तुमच्या स्वतःच्या ओळखीची आहे का? असल्यास नातं आणि ओळखीचा आधार लिहा. खाली बारीक अक्षरांत असं की माहीत असलेली गोष्ट लपवल्याचं नंतर उघड झालं तर पॉलिसी रद्द समजली जाईल. सतरा वर्षांत नवव्या प्रश्नापुढे तिने सरसकट 'नाही' लिहिलं होतं. विभागात तिला चाळणी म्हणत. "चाळणीतून गेलंय ना? मग डोळे झाकून सही करा," असं साहेब नव्या लोकांना सांगत.

तिने पेन्सिल घेतली आणि पान पहिल्यापासून वाचलं, एखाद्या परक्याचं वाचावं तसं. सुतळीने गजाला बांधलेली पेन्सिल, एक रेघ. औषध मोजायच्या काचेच्या पेल्याच्या काठाला टवका, त्यामुळे तो उलट्या बाजूने धरून द्यावा लागायचा, दुसरी रेघ. आणि बेसिन. साडेतीन वाजता मुलगी पेला भरते आणि बेसिनमध्ये ओतते, बाटलीतली पातळी वहीशी जुळावी म्हणून. तिसरी रेघ ओढताना पेन्सिलीचं टोक तुटलं.

बावीस वर्षांपूर्वी ती एकोणीस वर्षांची होती आणि पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा होती. औषध दर सहा तासांनी द्यायचं असायचं, दोन, आठ, दोन, आठ. गडद तपकिरी, घट्ट, कडू. प्रत्येक वेळी आईला उमळून यायचं, अर्धं बाहेर पडायचं, मग चादर, मग उशीचा अभ्रा, मग आईचं ते "राहू दे गं, तू दमलीस". ते शब्दच तिला सहन व्हायचे नाहीत. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्या दुपारी तिने आधी वहीत लिहून टाकलं. का, तर अभ्यासाचं पान संपवून उठू आणि देऊ, लिहिलंय म्हणजे विसरणार नाही. असला उरफाटा हिशेब एकोणिसाव्या वर्षी अगदी शहाणपणाचा वाटतो. पान संपलं, पुढचं पान सुरू झालं. ती विसरली नाही. हे तिला पक्कं माहीत होतं, एवढं एकच तिला पक्कं माहीत होतं. ती पूर्ण दीड तास आठवत बसली होती. खोलीतून आवाज येत नव्हता, आई झोपली होती, आणि आईला उठवून तो कडू घोट घशात ओतायचा नाही, निदान एकदा नाही, असं तिने ठरवलं होतं की नुसतं होऊ दिलं होतं, हे मात्र बावीस वर्षांत ठरलं नाही. साडेतीनला तिने पेला भरला आणि बेसिनमध्ये रिकामा केला. पाणी सोडलं. आई संध्याकाळी सव्वासहाला गेली. पुढे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला औषधं शरीरात कशी विरतात हे शिकवायला घेतलं, तेव्हा तिने मागच्या बाकावर बसून आलेख काढला. दर तीन तासांनी निम्मं. दोन वाजता चौथा हिस्सा उरलेला, सव्वासहाला दहाव्या हिश्शाहून थोडा कमी. दहावा हिस्सा एका थकलेल्या हृदयाला पुरतो की नाही, हे त्या पुस्तकात नव्हतं. दुसऱ्या कुठल्या पुस्तकात असेल म्हणून तिने पुष्कळ पुस्तकं पाहिली.

आणि आता या पुस्तकात म्हटलं होतं की आई जागी होती.

घरी बाबा जेवणाच्या टेबलाशी भिंग घेऊन बसले होते. आयुष्यभर त्यांनी नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर रेघा संपल्या आणि अक्षरं सुरू झाली. तिने तपासलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशक कंपनीला पाठवत, ती प्रत ती घरी आणायची, आणि बाबा ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून छपाईच्या चुकांची यादी करायचे. आजवर एकही पुस्तक त्यांनी अर्धवट सोडलं नव्हतं, अगदी भिकार पुस्तकंसुद्धा.

"आज उशीर?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नाही बाबा. रोजचीच वेळ आहे."

"मग माझं घड्याळ लाडावलंय. काय वाचतेयस सध्या?"

"कादंबरी आहे. एका आजारी बाईची."

"मरते का शेवटी?"

"बाबा, सांगायचं नसतं."

"अगं, एकोणऐंशी वर्षांच्या माणसापासून काय लपवायचं मरणाबिरणाचं? आणून दे छापून झाली की. भिंगाची काच नवी घेतलीय, चोख दिसतं." त्यांनी भिंग डोळ्याला लावून तिच्याकडे पाहिलं. काचेमागचा तो मोठा, पाणावलेला डोळा तिच्यावर थोडा वेळ थांबला. "तुझा चेहरा का असा?"

"कसा?"

"आखायला घेतला तर कागद फाटेल असा."

ती हसली. हसण्याचा आवाज बरोबर आला, पण किंचित उशिरा. रात्रभर ती गणित करत होती. पान धोक्याचं आहे असं लिहायचं तर नववा प्रश्न आला. हे तुम्हाला कसं माहीत, याचं उत्तर आलं. आणि ते उत्तर फायलीत कायमचं राहणार. काही न लिहिता पान सोडलं तर पुस्तक छापलं जाणार, चार महिन्यांनी प्रत घरी येणार, आणि बाबा भिंग लावून एकशे चौदाव्या पानावर येणार. सुतळी त्यांनीच बांधली होती. पेला त्यांच्याच हातून पडून टवका उडाला होता. त्यांना तीन खुणांची गरज नव्हती. शिवाय प्रकाशक म्हणजे दोन खोल्यांत छापखान्याची बिलं आणि पुस्तकांचे गठ्ठे घेऊन राहणारं एक नवरा-बायकोचं जोडपं. लपवलेलं उघड झालं तर त्यांच्या डोक्यावरचं छप्परच जाणार. पण या सगळ्याच्या खाली दुसरंच काहीतरी हलत होतं, आणि ते तिला जास्त भीती घालत होतं. सुतळी कोणाच्याही घरात असू शकते. कोणाच्याही पेल्याला टवका असू शकतो. पण आई जागी होती हे तर तिलाही माहीत नव्हतं. मग ते त्या लेखकाला कोणी सांगितलं?

पडताळणीचा फोन हा कामाचाच भाग होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर तिने फाईल उघडली. लेखकाचं पहिलंच पुस्तक. वय अडुसष्ट. व्यवसाय : घड्याळ दुरुस्ती, आता बंद. पत्ता इतक्या दूरच्या शहरातला की तिथे तिचं कोणी नव्हतं, कधी नव्हतं. आवाज मात्र अगदी जवळून आला, रिसीव्हरच्या आतच कोणी बसल्यासारखा.

"विमावाल्या बाई का? बोला. प्रकाशकीणबाई म्हणाल्या होत्या, तुमचा फोन येईल, घाबरू नका म्हणून. मी नाही घाबरलो."

"थोडे प्रश्न आहेत. ही आई आणि मुलगी, या कोणावरून घेतल्या आहेत का?"

"कोणावरून घेणार? मला मुलगी नाही. आई माझी मी चार वर्षांचा असताना गेली."

"मग ती पेन्सिल? गजाला बांधलेली?"

"आली. तुम्हाला विचित्र वाटेल. चाळीस वर्षं घड्याळं कानाशी धरली मी. मला डोळ्यांपुढे फारसं काही येत नाही, ऐकू येतं. अंथरुणावर पडलेल्या त्या बाईला काय काय ऐकू येत असेल, एवढंच लिहीत गेलो. पेन्सिल गजावर आपटली. टिक्. म्हटलं, अरे, ही बांधलेली दिसतेय."

तिने ते टिपून घेतलं. पेन्सिल गजावर आपटायची, हे खरं होतं. तिने आवाज सरळ ठेवला. "एक वाक्य आम्हाला अडचणीचं वाटतं. एकशे चौदाव्या पानावर, साडेतीन वाजता ती मुलगी औषध बेसिनमध्ये ओतते आणि नळ सोडते. ते काढता आलं तर बरं होईल. बाकी पानाला हरकत नाही."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"बाई, असं वाक्य नाहीये."

"आहे. खालून सहावी-सातवी ओळ."

"माझ्यासमोर आहे पान. ती वहीत लिहिते, आईला आवाज येतो. पुढे ती वाचता वाचता झोपून जाते. बेसिन नाहीच आहे. पुस्तकभर कुठे बेसिन नाही."

तिने पान समोर ओढलं. पहिली रेघ पेन्सिलीच्या वाक्यापुढे होती. दुसरी टवक्यापुढे. तिसरी रेघ, टोक तुटून शेवटी जाड झालेली, दोन परिच्छेदांच्या मधल्या कोऱ्या जागेपुढे होती. ती जागा तिने काल तीनदा वाचली होती. वाक्य कसं होतं, कुठे स्वल्पविराम होता, तेही तिला सांगता आलं असतं. वाचायचं काम करणाऱ्याने न लिहिलेलं वाचावं, यापेक्षा मोठी चूक या मजल्यावर कोणी केली नसेल. कारकून गोंदाची बाटली हलवत होता. तिला वाटलं, टेबलं, फायली, खिडकी, सगळं आहे तसंच आहे, फक्त आपल्या आणि त्यांच्या मधली काच कोणीतरी काढून नेलीय.

"ओततेच ती," लेखक हळू म्हणाला, स्वतःशीच. "झोपून जाते हे मला कधी पटलंच नव्हतं. ते पान नेहमी मागे पडायचं, बाई, मिनिटामिनिटाने. ओतते. अर्थात. थांबा, लिहून घेतो."

"नका लिहू."

"का?"

"जोखीम वाढेल."

"कोणाची?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिला कंपनीच्या भाषेत उत्तर सापडेना, आणि दुसरी भाषा तोंडात यायच्या आत तिने फोन ठेवला.

साहेबांच्या खोलीत ती सहसा जात नसे. साहेब संत्र्याची साल एका तुकड्यात सोलायचा प्रयत्न करत होते.

"या या, चाळणीबाई. काय अडकलं आज भोकात?"

"साहेब, एखादी जिवंत व्यक्ती ओळखू येत असेल आणि मजकूर खरा असेल, तर?"

"खरा असेल तर सोन्याहून पिवळं. खोट्यावर खटले होतात, मॅडम, खऱ्यावर नुसती भांडणं होतात. त्या व्यक्तीने 'होय, हे खरं आहे, माझी हरकत नाही' असं लिहून दिलं तर मी उभ्या उभ्या मंजुरी देतो. देईल का लिहून?"

"माहीत नाही. आणि दुसरी व्यक्ती मेलेली असेल? तिच्याबद्दल जे लिहिलंय ते खरं की खोटं, कसं ठरवायचं?"

"मेलेल्याचं काय ठरवायचं?" साल तुटली, साहेबांनी चुकचुकून तो तुकडा टोपलीत टाकला. "मेलेली माणसं दावा लावत नाहीत. म्हणून तर त्यांना तक्त्यात रकाना नाही. तुम्ही जिवंत माणसाचं बघा."

तिसऱ्या दिवशी सकाळी सुधारलेलं पान आलं. वर प्रकाशकीणबाईंची चिठ्ठी होती : लेखक म्हणतात, तुमचे आभार मानायला सांगा. तिने पान उलटं ठेवलं. चहा प्यायली. दोन दुसऱ्या फायली संपवल्या. मग पान सुलटं केलं. आता मुलगी झोपत नव्हती. ती पेला भरत होती, बेसिनमध्ये ओतत होती, नळ सोडत होती, आणि पाण्याचा आवाज आतल्या खोलीपर्यंत जात होता. आईला पाण्याचा आवाज कळला. पाणी थांबल्यावर तिने हाक मारली, "झालं का गं?" मुलगी दारात आली. "काय झालं का?" "औषध." "हो, दिलं ना मगाशी." आईने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. दिलंस."

वाचताना तिच्या कानात तो आवाज उमटला, घशाशी कोरडा, शेवटचं अक्षर खाली सोडणारा. असं झालं होतं. दाराच्या चौकटीचा रंग तिच्या खांद्याला थंड लागला होता, हातांना तपकिरी वास होता, आणि आई म्हणाली होती, हो, दिलंस. झालं होतं? की हे पान वाचल्यावर आता, या खुर्चीत, झालं? दोन दिवसांपूर्वी तिने नसलेलं वाक्य वाचलं होतं. आज असलेलं वाक्य आठवत होतं. दोन्ही वेळा खात्री तेवढीच, वजन करून पाहावं तर एका मापाची. आपल्या डोक्यात एक साधं उपकरण आहे, त्याने बाहेरचं आणि आतलं वेगळं होतं, असं ती आजवर धरून चालली होती. ते बंद पडलं होतं, आणि कधीपासून बंद होतं हे कळायला मार्ग नव्हता. त्या दिवसाचे साक्षीदार तीन. एक मेली. एकीवर आता विश्वास ठेवता येत नव्हता. तिसरे त्या दिवशी पाच वाजता घरी आले होते. तिने तक्ता पिशवीत घातला, डोकं दुखतंय असं कारकुनाला सांगितलं आणि निघाली. सतरा वर्षांत पहिल्यांदा ती भर दुपारी रस्त्यावर होती. सावल्या पायाखाली आखडलेल्या, दुकानांची दारं अर्धी ओढलेली, आणि कुठल्यातरी वरच्या मजल्यावर कोणीतरी नळ सोडलेला.

बाबा दार उघडायला आले तेव्हा त्यांच्या हातात भिंग तसंच होतं.

"नोकरी सोडलीस की काय?"

"बाबा, आई गेली त्या दिवशी तुम्ही घरी आलात, तेव्हा ती तुमच्याशी काही बोलली?"

त्यांनी दार लावलं, कडी नीट बसली का पाहिलं. वेळ काढण्यासाठी नव्हे. ते नेहमीच पाहत. "बोलली ना. मी चपला काढत होतो. आत जायच्या आधीच तिने हाक मारली. म्हणाली, दोनचं औषध दिलंय हं तिने, वेळेवर."

"तुम्ही विचारलं होतंत?"

"छे. मी काय विचारणार? तोंडही उघडलं नव्हतं अजून. मला तेव्हासुद्धा वाटलं, ही बाई काय सांगतेय? इतक्या दिवसांत कधी नाही सांगितलं. आठचंही नाही, दोनचंही नाही. म्हटलं, तापात असेल." त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं, काचेची बाजू वर करून. "मग पुन्हा म्हणाली. दिलंय हं. मी म्हटलं, बरं बाई, दिलंय. तेव्हा कुठे डोळे मिटले."

स्वयंपाकघरात काहीतरी थेंब थेंब गळत होतं, की गळत नव्हतं. न विचारता दिलेलं उत्तर, आणि तेही दोनदा. आई जागी होती. पानावरची आई नव्हे, ही, हिची, गडद औषध ओकून टाकणारी आणि राहू दे म्हणणारी. ती पेन्सिलीचा आवाज ऐकत पडून होती, पाण्याचा ऐकत पडून होती, आणि उरलेल्या श्वासांतले दोन तिने एवढ्यासाठी वापरले होते. बावीस वर्षं ती एका झोपलेल्या बाईची माफी मागत आली होती. तशी बाई त्या खोलीत नव्हतीच.

"का गं?" बाबांनी विचारलं. "आज का विचारतेयस?"

पिशवीतल्या तक्त्यात नवव्या प्रश्नापुढची जागा दीड ओळीची होती. तिच्या तोंडात वाक्यं आली, एकामागून एक, नीट रचलेली, आणि प्रत्येक वाक्य पानावरचं होतं. मुलगी वहीत लिहिते. मुलगी दारात येते. ती सगळी वाक्यं गेल्यावर जे उरलं ते फार लहान होतं.

"बाबा, दोनचं औषध मी दिलं नाही. बेसिनमध्ये ओतलं."

ते तिच्याकडे भिंगाशिवाय पाहत होते, त्यामुळे त्यांना ती नीट दिसत नसावी. मग त्यांनी टेबलाखालची खुर्ची पायाने बाहेर ढकलली.

"बस आधी," ते म्हणाले. "उभ्याने नको सांगूस."